हातचे दोन गेले कुठे?

पत्राचा गोषवारा (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत):

"वय ४३. एका कंपनीच्या हिशेब विभागात टीम लीड आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. घरात नवरा, दहावीतली मुलगी आणि ७८ वर्षांचे सासरे. नवरा सांगितलं की लगेच करतो. एका वेळी चार कामं करणारी बाई अशी माझी ओळख आहे. वार्षिक मूल्यमापनात साहेबांनी तसं लिहूनही दिलं होतं. गेल्या सहा महिन्यांत मात्र काहीतरी बिघडलंय. एका क्लायंटचा तक्ता दुसऱ्याच क्लायंटला गेला. खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. महिन्यापूर्वी एका संध्याकाळी कानात मीटिंग चालू, समोर न जुळणारा तक्ता, मुलीचा फॉर्म रात्री बाराच्या आत भरायचा, आणि त्यातच सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी दिली. वीस मिनिटांनी, दिल्याचं विसरून, पुन्हा दिली. दुसऱ्या दिवशी पाकिटातल्या गोळ्या मोजल्यावर ते कळलं. त्यांना काही झालं नाही, पण माझी झोप उडाली. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईला सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला होता. मलाही तेच सुरू झालंय का? जाऊबाई म्हणतात, बायकांना हे सगळं उपजतच जमतं, तूच उगाच ताण घेतेस. मेंदूचे व्यायाम करून घेणारं एखादं ॲप घेऊ का? पूर्वीसारखी चार कामं एकदम कशी जमतील?"

उत्तर:

आधी एक बेरीज करा. आकडे कागदावर लिहा, पण हातचा मनातच ठेवा. ३८, ४७, ५६. आठ नि सात पंधरा, पंधरा नि सहा एकवीस. एक मांडला, हातचे दोन. आता नेमकं याच क्षणी मुलीनं दारातून विचारावं, "आई, माझा चार्जर पाहिलास?" तुम्ही "टेबलावर बघ" म्हणता. दोन सेकंदांचं काम. परत कागदाकडे वळता तर मांडलेला एक जागेवर आहे, तीन, चार, पाच समोर दिसतायत, फक्त हातचे गेलेत. मग एक तर पुन्हा पहिल्यापासून आठ नि सात, नाही तर "एकच होता बहुतेक" म्हणून पुढे. त्या "बहुतेक"मुळे १४१ च्या जागी १३१ येतात.

तुम्ही हिशेबातल्या, तेव्हा हातचा हा शब्द तुमच्याकडूनच उसना घेते. मानसशास्त्रात ज्याला वर्किंग मेमरी म्हणतात ती म्हणजे हे हातचे ठेवायची जागा. आपण स्मरणशक्ती म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोठार येतं. शाळेतल्या कविता, जुन्या घराचा पत्ता, लहानपणीच्या मैत्रिणीचा आवाज, सगळं त्यात पडून असतं आणि त्या कोठाराला तोटा नाही. पण चालू कामापुरतं, आत्ताच्या आत्ता मनात धरून ठेवायचं, त्याची जागा फार तोकडी. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली "सात, फार तर दोन इकडेतिकडे" असा अंदाज मांडला होता आणि तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. नेल्सन काउअन यांनी २००१ मध्ये तोवरचे बरेच प्रयोग तपासून तो खाली आणला. घोकायला आणि गोष्टींचे गठ्ठे बांधायला वाव नसेल तर मोठ्या माणसाच्या मनात साधारण चारच गोष्टी टिकतात, तीन ते पाच. त्याही किती वेळ? १९५९ च्या एका प्रयोगात लोकांना फक्त तीन अक्षरं लक्षात ठेवायला सांगितली आणि लगेच तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले. १८ सेकंदांनंतर बहुतेकांची अक्षरं गेलेली होती. तीन अक्षरं!

आता तुमची ती संध्याकाळ मोजू. मीटिंगमध्ये आपल्याला कधी प्रश्न येईल यावर एक कान, हा एक. तक्त्यातला न जुळणारा आकडा, दोन. बाराच्या आत भरायचा फॉर्म, तीन. बाबांची गोळी, चार. जागा भरली. "गोळी दिली" ही पाचवी गोष्ट. ती ठेवायची कुठे?

तुम्ही लिहिता की गोळी दिल्याचं तुम्ही विसरलात. मला हा शब्दच खटकतो. विसरायला आधी ते लक्षात असावं लागतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर खातेवहीचं पान फाटलेलं नाही, नोंदच पडलेली नाही. रोज त्याच वेळी, त्याच पाकिटातून, त्याच हातानं होणारं काम हाताला पाठ असतं. हात ते करून टाकतो, मन मीटिंगमध्ये असतं. वीस मिनिटांनी "दिली का?" असं स्वतःला विचारलं की मन एक चित्र पुढे करतं, पाण्याचा पेला नि पुढे केलेला तळहात. हे आजचं की कालचं? रोजचं चित्र एकसारखंच, त्यावर तारीख कुठे लिहिलेली असते?

आणि हे फक्त गडबडलेल्या माणसाचं होतं असंही नाही. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ अनुभवी रेडिऑलॉजिस्टवर झालेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं एक चित्र घुसवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. नजर नेमकी कुठे फिरते हेही नोंदलं जात होतं, आणि न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या गोरिलावरून गेली होती. डोळे तिथे होते, लक्ष गाठींवर होतं. त्या डॉक्टरांना कोणी स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या असं म्हटलं नाही.

म्हणून तुमच्या मोठ्या भीतीबद्दल आधी बोलू. पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही. पण एक फरक स्वतः तपासून बघता येईल. शांतपणे, एकच काम हाती असताना केलेल्या गोष्टी राहतात का? दुसऱ्या दिवशी तुम्ही गोळ्या मोजल्यात, काय झालं असेल ते जुळवलंत, आणि महिन्यानं मला तो सगळा क्रम नीट लिहून पाठवलात. ज्या गोष्टीवर लक्ष होतं ती गोष्ट राहिली आहे. उलट, निवांत असतानाही ताजी बोलणी पुसली जात असतील, रोजच्या रस्त्यावर वाट चुकत असेल, तोच प्रश्न तुम्ही पुन्हा पुन्हा विचारताय असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरकडे जायला वेळ लावू नका. तसं नसलं तरी एकदा जाऊन याच. अपुरी झोप, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मनाचा उदासपणा, काही औषधं, चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आसपास होणारे बदल, या सगळ्यांनी लक्ष विस्कळीत होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. आईचा आजार डॉक्टरांना जरूर सांगा. पण तिला सत्तरीनंतर जे झालं त्याची गाठ ४३ व्या वर्षीच्या धांदलीशी आत्ताच बांधू नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, पूर्वीसारखी चार कामं एकदम कशी जमतील. ती पूर्वी तरी एकदम होत होती का?

घड्याळ समोर ठेवा आणि मोठ्यानं म्हणा: क ख ग घ ङ च छ ज झ ञ. किती सेकंद लागले ते लिहा. मग एक ते दहा म्हणा, तेही लिहा. आता दोन्ही आलटून पालटून: क एक, ख दोन, ग तीन, असं दहापर्यंत. अक्षरं तीच, आकडे तेच, तोंड तेच. पण वेळ पहिल्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा बराच जास्त लागेल आणि मध्ये कुठेतरी "थांब, काय होतं?" होईल. (ङ आणि ञपाशी सगळेच अडखळतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही.) हा जास्तीचा वेळ कुठे गेला? तो उड्या मारण्यात गेला. अक्षरांवरून आकड्यांवर जाताना आधीचं सोडायचं, आपण कुठे होतो ते धरून ठेवायचं, नवीन उचलायचं. हे मोबाइलचं पापही नाही. आर्थर जर्सिल्ड यांनी दोन कामांमध्ये अदलाबदल करण्याची ही किंमत १९२७ मध्येच मोजून ठेवली आहे.

मल्टिटास्किंग हा शब्द माणसांसाठी बनलाच नव्हता. १९६० च्या दशकात तो संगणकांच्या जगातून आला, आणि तिथेही एका प्रोसेसरचं यंत्र एका क्षणी एकच काम करायचं, फक्त फार वेगानं बदलत राहायचं. पण आपल्यापेक्षा ते एका बाबतीत शहाणं. काम सोडताना आपण नेमके कुठे होतो हे ते लिहून ठेवतं आणि परत आलं की तिथूनच उचलतं. आपण उठतो, जातो आणि परत आल्यावर पडद्याकडे बघत बसतो.

उडी किती छोटी असली की चालते? एरिक आल्टमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. लोक संगणकावर ठरलेल्या क्रमानं पायऱ्या पार पाडत होते आणि मध्येच त्यांना काही अक्षरं टाइप करायला लावली जात. सरासरी २.८ सेकंदांचा खंड. तेवढ्यानं क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या. ४.४ सेकंदांनी तिप्पट. "टेबलावर बघ" म्हणायला साधारण तेवढाच वेळ लागतो. "एका मिनिटात येते" ही तर फार पुढची गोष्ट झाली.

मग काही कामं एकत्र जमतात ती कशी? तुम्ही कपड्यांच्या घड्या घालत मीटिंग ऐकू शकता, मेसेज वाचत ऐकू शकत नाही. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या नमुन्यात याचं उत्तर आहे. मनात शब्द-आकडे घोळवायची सोय वेगळी, चित्र-जागा धरून ठेवायची वेगळी, आणि या दोन्हींवर नजर ठेवणारा मुकादम मात्र एकच. घड्या घालायला मुकादम लागत नाही, हात पुरतात. पण मीटिंग म्हणजे शब्द, मेसेज म्हणजे शब्द, मनात घोळणारा आकडाही शब्दच. तीन माणसं एकाच अरुंद दारातून आत शिरू पाहतायत. या पानावरच्या इतर वाचकांनीही "मी गाणी ऐकत अभ्यास करतो" किंवा "फोनवर बोलत गाडी चालवते" यातला फरक या दाराशी उभं राहून तपासावा. फोन कानाला नसून गाडीच्या स्पीकरवर असला तरी गाडी चालवताना तो जवळजवळ तितकाच घातक ठरतो. कारण अडचण हाताची नाही, मुकादमाची आहे.

"पण पूर्वी जमायचं" हे तुमचं म्हणणं मी खोटं मानत नाही. पूर्वीची कामं जुनी होती, हाताला पाठ होती, आणि मुख्य म्हणजे ती तुमची होती. टीम लीड झाल्यापासून तुमच्या मनात स्वतःच्या कामाचे हातचे कमी आणि पाच जणांच्या कामाचे जास्त असणार. आणखी एक गोष्ट, थोडी कडू आहे. पूर्वीच्या चुका दिसत नव्हत्या. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की अनेक कामं एकदम करण्याची सवय ज्यांना जास्त, त्यांची ती करण्याची क्षमता चाचणीत कमीच निघाली, आणि बहुसंख्य लोक स्वतःला या बाबतीत सरासरीपेक्षा सरस समजत होते. त्याच विद्यापीठातल्या २०१० च्या प्रयोगात २०० जणांनी नकली गाडी चालवता चालवता फोनवर गणितं आणि शब्द सांभाळले. कामगिरी अजिबात न घसरलेले निघाले पाच. आपण त्या पाचांतले आहोत असं मलाही वर्षानुवर्षं वाटायचं. समोरचा बोलत असताना मी ऐकत ऐकत पुढचा प्रश्न मनात जुळवायचे आणि त्याचा मला अभिमान होता. एकदा भेटायला आलेल्या बाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "मी आत्ता काय म्हणाले, सांगा." मला शेवटचे तीन शब्द बरोबर सांगता आले. तीनच.

जाऊबाईंच्या "उपजत"चं उत्तर लवकर संपतं. जर्मनीत ४८ बायका आणि ४८ पुरुषांना एकाच वेळी दोन कामं आणि कामांची अदलाबदल करायला लावून पाहिलं, निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचीही कामगिरी घसरली आणि घसरण सारखीच होती. उपजत काही नाही. घरातल्या सगळ्यांचे हातचे एकीच्या डोक्यात ठेवायची पद्धत मात्र आहे.

ॲपचं म्हणाल तर घेऊ नका असं मी म्हणत नाही, खेळ म्हणून घ्या. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात एका विद्यार्थ्यानं २३० तासांहून अधिक सराव करून एकदा ऐकलेले ७९ अंक ओळीनं म्हणून दाखवले. तो धावपटू होता, अंकांचे गठ्ठे तो शर्यतींच्या वेळांसारखे बांधायचा. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली. गाडी पुन्हा सहावर आली. जागा वाढली नव्हती, अंकांपुरती बांधणी सुधारली होती. ॲपमध्ये तुमचे गुण वाढत जातील, आणि बाबांच्या गोळीचं काय ते तिथेच राहील.

जागा वाढत नाही हे एकदा मान्य केलं की प्रश्न बदलतो. तिथे काय ठेवायचं, आणि कोणाचं.

गोळीपासून सुरुवात करा, कारण तिथली चूक महागात पडू शकते. विमान १०,००० फुटांच्या खाली असताना, म्हणजे चढताना-उतरताना, वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त काही करू नये, गप्पासुद्धा मारू नयेत, असा नियम अमेरिकेनं १९८१ मध्ये केला. गप्पांच्या नादात झालेले अपघात त्यामागे होते. ऑस्ट्रेलियातल्या दोन रुग्णालयांमध्ये औषधं देणाऱ्या परिचारिकांचं निरीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. मध्ये येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. या तर प्रशिक्षित बायका. तेव्हा गोळीची दोन मिनिटं म्हणजे विमान उतरतंय असं समजा. हेडफोन काढून ठेवा, नुसता आवाज बंद करून भागणार नाही. आठवड्याच्या सात वारांचे, सकाळ-संध्याकाळचे खण असलेली गोळ्यांची डबी आणा आणि रविवारी एकदाच निवांत भरा. मग "दिली का?" हे मनाला विचारायचंच नाही, खण बघायचा. रिकामा खण म्हणजे दिली. देताना "बुधवार, संध्याकाळची" असं मोठ्यानं म्हणा, म्हणजे त्या चित्रावर तारीख पडेल. बाबांचं चित्त ठिकाणावर असेल तर कॅलेंडरवर खूण त्यांनाच करू द्या. त्यांना ते आवडेल असा माझा अंदाज आहे. आणि कधीही शंका आली तर अंदाजानं दुसरी गोळी देऊ नका. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा.

चुकीच्या क्लायंटला गेलेल्या तक्त्यासाठी एवढंच. मेलमध्ये पत्ता सगळ्यात शेवटी टाका, आणि त्याआधी जोडलेली फाइल उघडून तिच्यावरचं नाव वाचा. पत्ता नसला की घाईघाईत बटण दाबलं तरी मेल जात नाही.

उठावं लागणारच. घर आहे, ऑफिस आहे, बोलावणारे बोलावणार. पण यंत्राकडून शिकण्यासारखं ते एक शिका. उठायच्या आधी एक ओळ लिहा. "२७ व्या ओळीपर्यंत जुळलं, २८ मध्ये फरक, मूळ बिल बघायचं." दहा सेकंद लागतात. मुलीला म्हणा, "एक ओळ लिहू दे, मग ऐकते." सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम पुढच्या कामातही मनाला चिकटून राहतं. २०१८ च्या अभ्यासात त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम यांनी हाच उतारा तपासला. परत आल्यावर कुठून सुरू करायचं हे उठण्याआधी टिपून ठेवलं की ती चिकट कमी होते. पहिले काही दिवस तुम्ही लिहायला विसराल. चालेल. कागद मात्र कीबोर्डच्या उजव्या हाताला कायमचा ठेवा, शोधायला लागला तर लिहिला जाणार नाही. फोन कामाच्या खोलीबाहेर ठेवता आला तर उत्तम, निदान सूचनांचा आवाज नि थरथर तरी बंद करा. फोन हातात न घेता नुसती सूचना वाजली तरी लक्षाच्या चाचणीत चुका वाढतात, हे २०१५ मध्ये दिसलेलं आहे.

आता अवघड भाग. तुम्ही लिहिता, नवरा "सांगितलं की लगेच करतो". यातला "सांगितलं की" मला दिसतो. म्हणजे काम त्याचं, हातचा तुमचा. मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख, बाबांच्या गोळ्या कधी संपतात, डॉक्टरांची पुढची भेट, हे सगळं लक्षात ठेवायचं तुम्हीच आणि वेळ झाली की हाक मारायची तुम्हीच. ही मदत झाली, वाटणी झाली नाही. एखादं काम द्यायचं तर ते आठवणीसकट द्या. "बाबांच्या गोळ्यांचं सगळं तू बघ" असं म्हटलंत तर मग खरोखर मागे बघू नका. एखादं पाकीट आणायला एक दिवस उशीर झाला तरी ते तोच निस्तरेल. (उशीर चालणार नाही अशा औषधांची जास्तीची एक पट्टी घरात असावी, हे वेगळं.) दहावीतल्या मुलीला स्वतःचा फॉर्म भरता येतो. चुकेल एखादा रकाना, चुकू दे. तुम्हाला हे जड जाईल हे मला कळतं. सगळं माझ्या डोक्यात आहे यात एक मोठेपणा असतो, तो सोडताना रिकामं रिकामं वाटतं.

जे द्यायचं नाही ते भिंतीवर लावा. रॉय बाउमाइस्टर आणि ई. जे. मासिकॅम्पो यांनी २०११ मध्ये दाखवलं की राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं एवढं नक्की ठरवलं तरी टोचणी थांबते, काम झालेलं नसतानाही. म्हणजे नुसतं "फॉर्म" असं न लिहिता "फॉर्म, शनिवारी सकाळी दहाला, मुलीसोबत" असं लिहा.

साहेबांचं काय? "मला मल्टिटास्किंग जमत नाही" असं जाहीर करू नका, त्यातून चुकीचाच अर्थ निघेल. चुकीच्या जागी गेलेल्या तक्त्याचा दाखला समोर ठेवा आणि मागणी छोटी करा. ताळमेळाच्या कामासाठी रोज पाऊण तासाचे दोन तुकडे, त्यात चॅट बंद, तातडीचं असेल तर फोन करा. ज्या मीटिंगमध्ये तुम्ही फक्त ऐकायला असता तिथून सुटका मागा, आणि जिथे बसावंच लागतं तिथे तक्ता मिटून बसा. एक महिना करून बघा आणि चुका मोजा. मोजणं तुमचा धंदाच आहे. याची किंमतही आहे. चॅटला तीन मिनिटांत उत्तर देणारी बाई अशी तुमची ख्याती जाईल, कोणीतरी "हल्ली भेटतच नाहीत" म्हणेल. काही दिवशी ते दोन तुकडे मिळणारही नाहीत. आणि साहेबांनी सरळ नाहीच म्हटलं तर निदान पाठवायच्या आधीची तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्या. थकलेले डोळे स्वतःची चूक पुन्हा पुन्हा बरोबर वाचतात.

एक गोष्ट मी वरच्या गोषवाऱ्यात घेतली नाही. तुमच्या मूळ पत्रात "घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही" याच्यापुढे "कारण" असा शब्द आहे. त्यापुढे काहीच नाही. पुढच्या ओळीत एकदम आईच्या आजाराचा विषय सुरू होतो. कदाचित तेव्हाही कोणी हाक मारली असेल, कदाचित तुम्हीच तिथून उठला असाल. बाबांना दोनदा गोळी गेली हे त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं, म्हणजे ते नवऱ्यालाही कळणार. तेव्हा तो फोन करण्याआधी, घरात कोणी जागं नसताना, ते वाक्य पूर्ण करा. मला पाठवलं नाहीत तरी चालेल.